बांधावरून आलेलं औषध

अळ्यांनी माना वर केल्या आणि हिरवं ओकायला लागल्या.

दाराजवळच्या रॅकवर आधी सुरू झालं. रेशमाची अळी पाला खाताना मान वर करत नाही. कोष करायच्या आधीच्या आठवड्यात ती बोटाएवढी झालेली असते आणि तिला खाण्याशिवाय दुसरं काम नसतं. सगळ्या मिळून खात असल्या की वाळल्या पाचोळ्यावरून शेरडं चालल्यासारखा आवाज येतो. त्या सकाळी मी शेडात शिरले तर दाराकडचा आवाज बंद होता. अळ्या अंगाचा पुढचा भाग उचलून दोन्हीकडं डोलत होत्या. मग तोंडातून हिरवं पाणी आलं, मग त्या आक्रसल्या, पिळल्या आणि पाल्यावरून घसरून खाली पडल्या.

लेक रॅकच्या पलीकडं उभी होती. हातात पाल्याची शेवटची मूठ.

“आई, ह्यांला काय झालं?”

“इख,” मी म्हणाले.

“कुठून आलं?”

“ते मागून बघू. आधी पाला काढ.”

आम्ही दोघींनी दाराकडच्या रॅकवरचा सगळा पाला ओढून काढला. त्याला चिकटून मेलेल्या आल्या, जित्याही आल्या. वेगळं करायला सवड नव्हती. टोपल्या भरून अंगणात नेऊन टाकल्या. शेडच्या दोन्ही अंगांची हिरवी जाळी वर गुंडाळली, म्हणजे वारा खेळेल. लेक रडली नाही. रडली असती तर मी तिला बाहेर हाकललं असतं. रडण्याच्या वेळी हात थांबतात.

मागच्या रॅकवरच्या अळ्या ठीक होत्या. उपाशी होत्या म्हणून ठीक होत्या. पाल्याचा भारा दाराकडंच संपला होता आणि लेक दुसरा तोडायला निघायच्या बेतात होती. निम्मी बॅच आमच्या हुशारीनं नाही, भारा लहान बांधल्यामुळं वाचली.

आता हे इख, म्हणजे विष, आलं कुठून ते सांगते.

आमची एक एकर तुती आहे. तिच्या मावळतीला बांध, आणि बांधापलीकडं माझ्या पुतण्याची कपाशी. पुतण्या म्हणजे थोरल्या दिरांचा मुलगा. गाव त्याला अण्णा म्हणतं. पंचायतीत त्याचं चालतं, भावकीत त्याचं चालतं, आणि जिथं चालत नाही तिथं तो चालवतो. माणूस वाईट नाही. माझा नवरा गेला तेव्हा सगळं त्यानंच केलं. पण केलेलं तो विसरू देत नाही.

आमच्याकडं आता रेशीम गावोगाव झालंय. पार तलवाड्यापर्यंत जा, रस्त्याच्या कडेनं हिरव्या जाळीची शेडं दिसतात. तेव्हापासून शिवारात एक रीत पडली आहे. ज्याला कपाशीवर औषध मारायचंय त्यानं आदल्या दिवशी बांधावर येऊन हाक द्यायची. “उद्या मारतोय हो, पाला तोडून घ्या!” एवढंच. मग तुतीवाला त्या बाजूचा पाला आधी तोडून घेतो, आणि औषध मारल्यावर पंधरा-वीस दिवस बांधाकडच्या ओळींना हात लावत नाही. ही रीत कुणी कागदावर लिहिलेली नाही. भांडणं होऊन होऊन ती आपोआप पडली. हाक द्यायला कुणाला पैसा लागत नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही लोक हाक देतात, तोंड दुसरीकडं करून.

आदल्या दिवशी सांजच्या वक्ताला आम्ही शेड झाडत होतो तेव्हा बाहेर घूंऽऽ असा आवाज आला. लेक म्हणाली, “ड्रोन हाय.” मी म्हणाले, “असंल अण्णाचं शूटिंग.” कारण त्याच्या वाढदिवसाला, मुलीच्या लग्नाला, पाण्याची टाकी झाली तेव्हा, असंच यंत्र वर फिरत होतं आणि खालून तो हात हलवत होता. आम्ही बघायलाही बाहेर आलो नाही. पाठीवर पंप घेऊन कुणी माणूस कपाशीत शिरला असता तर लांबून दिसला असता, त्याचा खोकला ऐकू आला असता, डबा घासायला तो आमच्याच हौदावर आला असता. ह्या खेपेला रानात माणूसच शिरला नाही. मग हाक कोण देणार?

सकाळी पाला ओला होता. दिवस दसऱ्यानंतरचे, दव पडायला लागलेलं. लेकीनं फांद्या झटकल्या, भारा बांधला आणि आणला. वास म्हणावा तर काही नव्हता. आम्ही त्याला दव समजलो.

त्या बॅचवर काय अवलंबून होतं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा म्हणेल की म्हातारी किड्यांसाठी एवढी का पेटली.

माझी लेक नवऱ्याला सोडून आली होती. तो पीत होता आणि मारत होता. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला परत धाडलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. मग मी धाडलं नाही. भावकी बसली. अण्णा म्हणाला, “काकू, तुमी आज हाव, उद्या न्हाई. मंग हिचं काय? पोट कशावर भरंल?” मी म्हणाले, शेडावर भरंल. तो म्हणाला, बघू. दिवाळीपर्यंत शेडानं पोट भरलं तर ती इथं राहील, नाहीतर दिवाळीनंतर तिला नांदायला सोडायचं, जावयाला मी समजावतो. चारचौघांत मी हो म्हणाले. पहिली बॅच उन्हाळ्यात उकाड्यानं गेली. मधली जेमतेम निघाली. ही दिवाळीआधीची शेवटची.

तर मेलेल्या अळ्यांनी भरलेली एक टोपली डोक्यावर घेतली आणि मी अण्णाच्या दारात गेले.

ओट्यावर तो होता आणि शेजारी खता-औषधाचा दुकानदार चहा पीत होता. मी टोपली त्यांच्या पुढ्यात उपडी केली.

“काकू, हे काय? सकाळी सकाळी घाण कावून आणली?”

“तुझीच हाय. परत द्यायला आले.”

त्यानं पायानं एक अळी उलटी करून बघितली. “रोग असंल. तुमच्या शेडात कुणी तंबाखू खाऊन आलतं का? त्यानंबी अळी मरती.”

“काल ड्रोननं काय मारलंस?”

“पांढऱ्या माशीचं औषध. माझ्या रानात मारलं, तुमच्या न्हाई.”

दुकानदार मध्ये पडला. “आज्जी, ते लई सुरक्षित औषध हाय. नवीन आलंय. माणसाला कायबी होत न्हाई.”

“मंग चहात घाल की दोन थेंब.”

त्यानं कपबशी बाजूला सरकवली.

अण्णानं फोन काढला. फोनवर आमच्या शिवाराचं वरून काढलेलं चित्र होतं आणि त्यावर बारीक रेघा, कपाशीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेणी घातल्यासारख्या. “हे बघा. जीपीएस हाय. मशीन कुठं कुठं गेलं ते समदं ह्यात हाय. बांधाच्या अलीकडंच वळलंय. एक हात तरी पलीकडं आलंय का, दावा.”

मी बघितलं. खरंच वळलं होतं. एवढी सरळ रेघ आमच्या गावात कुणी नांगरानंही ओढली नसेल.

“ही तुझ्या मशीनची रेघ,” मी म्हणाले. “आता वाऱ्याची दाव.”

“वाऱ्याची कशी दावू?”

“मंग मला कशाला शिकवतो?”

त्याला राग आला, पण तो रागावला की आवाज बारीक करतो. म्हणाला, “काकू, तुमी जुनी माणसं. तुमाला नवं दिसलं की भ्या वाटतं. आता जग पुढं चाललंय.”

ह्या बोलण्याची मला चीड आली. मी चौथीपर्यंत शिकले, पण मला नव्याचं भय नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत आतून भिंगं बसवलेली आहेत. माझ्या शेडात गरमी मोजायचं यंत्र टांगलेलं आहे आणि त्यातला आकडा मी बघते. त्या अळ्यांची अंडी सरकारी जागेत तपासून येतात, पिल्लं दुसरीकडं वाढवून आमच्याकडं आणतात. नव्याशिवाय माझं एक दिवस चालत नाही. आणि जुन्याचं काय सांगता? माझा नवरा जन्मभर पाठीवर पंप घेऊन औषध मारत होता. एका पावसाळ्यात रानातच ओकून पडला. त्याला बैलगाडीत घालून नेलं तेव्हा त्याच्या सदऱ्याचा वास मला महिनाभर घरात येत होता. त्या दिवसांत कुणी ड्रोन दिला असता तर मी त्याची पूजा केली असती.

पण हे सगळं मी ओट्यावर बोलले नाही. मला काम होतं.

“अण्णा, झालं ते झालं. खालच्या अंगाला तुझी निम्मी कपाशी राहिलीय ना?”

“उद्या सकाळी उरकायची हाय.”

“चार-पाच दिस थांब. माझी वरची तुती नासली. खालची तेवढी चांगली हाय. अळ्या कोषावर जाईस्तवर तेवढा पाला मला पायजे. मंग मार, मी सोता टाकीत पाणी भरते.”

“पाला आजच तोडून ठिवा.”

“तोडलेला पाला दुसऱ्या दिवशी सुकतो. तुला रेशमातलं काय कळतं?”

“मला एवढं कळतं की ड्रोनचा नंबर हातचा गेला तर पुना लवकर लागत न्हाई. तवर माशी समदी कपाशी चाटून जाईल.” मग तो थोडा जवळ सरकला आणि मवाळ बोलला, ते मला जास्त लागलं. “आन काकू, बॅच गेली तर गेली. ताईला दिवाळीनंतर सोडू. तसं ठरलंच हाय. तिचं घर हाय ते. कावून ओढाताण करताव?”

“तू गडावर चल,” मी म्हणाले. “नारायणगडावर. देवापुढं म्हण की बांधावरून औषध आलं न्हाई.”

“मी कशाला म्हणू?”

“म्हण की.”

तो उठून आत गेला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

घरी आले तर लेकीनं ताटलीत खालच्या तुतीचा पाला ठेवून त्यावर मूठभर अळ्या सोडल्या होत्या. बाकीच्या तिनं उपाशीच ठेवल्या होत्या. आम्ही ताटलीपुढं बसून राहिलो. त्या खात राहिल्या. कुणी मान वर केली नाही. दुपारपर्यंत वाट बघून मग तिनं मागच्या रॅकला पाला टाकला.

“उद्या काय करायचं?” तिनं विचारलं.

“उद्या मी कपाशीत बसणार.”

“अण्णाच्या?”

“मंग काय जावयाच्या?”

ती पहिल्यांदा हसली.

सकाळी भाकरी खाल्ली, पाण्याची बाटली घेतली, डोक्यावरून पदर घट्ट बांधला आणि अण्णाच्या खालच्या कपाशीत मधोमध जाऊन बसले. कपाशी छातीएवढी होती. बसले तर दिसेना, म्हणून एका काठीला लाल पोलकं बांधून ती शेजारी रोवली. म्हटलं, मशीनला दिसलं नाही असं नको.

जीप आली. त्यातून एक बाई उतरली, चाळिशीची, अंगात निळा कोट आणि पायात बूट. दिंद्रुडकडची होती. बचत गटातल्या बाईला ड्रोन चालवायला शिकवतात हे मी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. तिनं मशीनचे पाय उघडून ते बांधाशेजारी ठेवलं, पंखे सरळ केले, आणि मग तिला लाल पोलकं दिसलं.

“आज्जी! रानात कावून बसलाव? बाहेर या, औषध मारायचंय!”

“मार की.”

“अंगावर पडंल!”

“तेवढ्यासाठीच बसलेय.”

ती अण्णाकडं वळली. “अण्णा, माणूस रानात असल्यावर आमाला उडवता येत न्हाई. तसं शिकवलेलं हाय.”

“घरचंच माणूस हाय. उडीव तू. जबाबदारी माझी.”

“जबाबदारी तुमची, पण बटण माझ्या हातात हाय ना.”

तोवर बांधावर माणसं जमली. कुणी म्हणालं, म्हातारीला भाकर बांधून द्या, मुक्काम दिसतो. कुणी म्हणालं, अण्णा, आता निवडणुकीत हीच उभी राहणार. दोघं-तिघं फोन वर करून उभे होते. अण्णा कपाशीतून माझ्याकडं आला.

“काकू, उठा. तमाशा हुतोय.”

“तू मला उचल. तेवढं राहिलंय.”

त्यानं मागं वळून फोन धरलेल्यांकडं बघितलं आणि उचललं नाही. परत गेला आणि त्या बाईशी कितीतरी वेळ काहीतरी बोलला. मग तिनं टाकी भरली. मला लांबून एवढंच दिसलं की टाकी भरली.

यंत्र उठलं. पहिल्यांदा लांबच्या कडेनं गेलं, आलं, गेलं, आलं. प्रत्येक फेरीला जवळ. कपाशीची बोंडं वाऱ्यानं आडवी पडायला लागली. आवाज एवढा की बांधावरचे काय ओरडत होते ते कळेना. मी तोंडाला पदर लावला आणि डोळे मिटले. नवऱ्याचा सदरा आठवला. खोटं कशाला बोलू, पाय उठायला बघत होते. मी दोन्ही हातांनी कपाशीची दोन झाडं धरली आणि बसून राहिले. आणखी एक फेरी झाली आणि गार गार बारीक काहीतरी माझ्या हातांवर, मानेवर पडलं.

त्याच वेळी बांधापलीकडून लेक ओरडली. ती आमच्या तुतीत उभी होती, बांधापासून चांगली आत.

“माझ्या तोंडावर आलं! अण्णा! माझ्या तोंडावर आलं!”

यंत्र जागेवर थांबलं, मग मागं गेलं आणि खाली बसलं. ती ड्रोनवाली बाई पळत माझ्याकडं आली, तिनं माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, “आज्जी, भिऊ नका, नुसतं पाणी हाय. टाकीत औषध न्हाई. अण्णा म्हणले, म्हातारीला जरा भ्या दाखवू म्हणून.”

“हे मोठ्यानं बोल,” मी म्हणाले.

“काय?”

“पाणी हाय, हे मोठ्यानं बोल. समद्यांला ऐकू जाऊ दे.”

तिनं अण्णाकडं बघितलं. मग ती सरळ उभी राहिली आणि ओरडली, “टाकीत पाणी होतं! औषध न्हाई!”

लोक हसले. अण्णाही हसला, म्हणाला, बघा, मी काय काकूला मारणार हाय का. मग हसणं हळूहळू थांबलं, कारण लेक तुतीतून बांधावर चढून आली आणि तिच्या तोंडावर, कपाळावर, चोळीच्या बाहीवर ते पाणी होतं. तिनं ते पुसलं नव्हतं. मशीन बांधाच्या अलीकडंच वळलं होतं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. फोनवरच्या रेघा काढायची कुणालाच गरज पडली नाही.

ती अण्णाला एवढंच म्हणाली, “परवाबी असंच आलं.”

ड्रोनवालीनं पंखे मिटायला सुरुवात केली. म्हणाली, “अण्णा, मी आज मारत न्हाई. वारा फिरला की बोलवा. आन आज्जीची अळी कोषावर गेली की.”

“नंबर जाईल माझा!”

“तुमचा नंबर मी पुढं धरते. पण ह्या बाजूला आधी बांधावर येऊन हाक देणार, मंग उडवणार. मला कुणी सांगितलंच न्हाई हो हिकडं तुती हाय.”

ते खरं होतं. तिला फोनवर कपाशी दाखवली होती. बांधापलीकडचा हिरवा चौकोन कशाचा आहे ते तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. पंप घेऊन येणारा गडी गावातलाच असतो, त्याला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला. लाल पोलकं, मी, वर मशीन. लेकीनं त्याखाली लोकांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. कुणी लिहिलं होतं, शाबास आज्जी. कुणी लिहिलं, अडाणी लोकांमुळं देश मागं आहे. कुणी लिहिलं, ड्रोनमुळं मजुरांची रोजी गेली, म्हातारीनं बरं केलं. कुणी मला विज्ञानाची वैरी केलं, कुणी शेतकऱ्यांची पुढारी. ज्यांना तुती आणि कपाशी शेजारी शेजारी उभ्या केल्या तर ओळखू येणार नाहीत, ते एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते.

मग एकजण मोटरसायकलवर माईक घेऊन आला. “आजी, तुमचा ड्रोनला विरोध आहे का?”

“न्हाई.”

तो हिरमुसला. “मग तुम्ही आडव्या का बसलात?”

“माझा पाला हाय म्हणून.”

“म्हणजे शासनानं ड्रोन बंद करावेत असं तुम्हाला वाटतं का?”

“कान हायत का तुला? मी न्हाई म्हणले. पाठीवर पंप घेऊन माझा नवरा पडलाय. ड्रोन चांगला हाय. पण तो येतो तव्हा कुणाला सांगत न्हाई, आन गेल्यावर मी आलोच नव्हतो म्हणतो. अशा पाहुण्याला तू घरात घेशील का?”

त्यानं शेवटचं, पाहुण्याचं, तेवढं दाखवलं म्हणे आणि मधलं, ड्रोन चांगला आहे म्हणाले ते, कापून टाकलं. मग आणखी भांडणं झाली. तालुक्याहून शेतीखात्याचा एकजण आला, त्यानं बांध बघितला, मशीन किती उंचीवर ठेवावं, वारा किती असला तर मारू नये, हे सगळं सांगितलं. नियम चांगले आहेत. मी विचारलं, वारा मोजायचं यंत्र त्या बाईकडं आहे का? तो म्हणाला, असायला पाहिजे. मी विचारलं, आहे का? तो म्हणाला, बघतो. माझ्या मेलेल्या अळ्यांचं काय, विचारलं तर म्हणाला, औषधानंच मेल्या हे सिद्ध करायला त्या वेळीच नमुना तपासायला धाडायला हवा होता. मी त्या खड्ड्यात चुना टाकून पुरल्या होत्या. तसंच करायला आम्हाला शिकवलं होतं, रोग पसरू नये म्हणून. एका खात्यानं पुरायला शिकवलं, दुसरं विचारतं का पुरल्या. मी त्याला चहा दिला आणि लावून दिलं.

राहिलेली कपाशी अण्णानं आठवड्यानं मारली. वारा तोवर उगवतीचा झाला होता, आमच्याकडून त्याच्याकडं जाणारा. ती बाई आदल्या दिवशी आली आणि बांधावर उभी राहून ओरडली, “उद्या मारतेय हो, पाला तोडून घ्या!” तिला ओरडायची सवय नव्हती, आवाज फाटला. पण आला.

तोवर मागच्या रॅकवरच्या अळ्यांनी खाणं सोडलं होतं. अंग पिवळसर झालं, माना वर झाल्या, पण ह्या खेपेला त्या धाग्यासाठी झाल्या. आम्ही त्यांच्यावर प्लास्टिकच्या जाळ्या टाकल्या आणि त्यांनी कोष केले. पांढरे, टणक. दाराकडचे रॅक रिकामेच होते. लेकीनं कोष पोत्यात भरले आणि स्वतः बाजारात नेले. मी गेले नाही, माझे गुडघे धरले होते.

दिवाळी झाली आणि भावकी पुन्हा बसली. अण्णानं घसा साफ केला.

“निम्मीच बॅच निघाली, काकू. ठरलं होतं ते पुऱ्या बॅचचं.”

“निम्मी तू मारलीस.”

“ते सिद्ध न्हाई झालं.”

“तुझ्यापुढं व्हायचं न्हाई. तुझ्यामागं गावात झालंय.”

एकजण म्हणाला, जाऊ द्या ना, पोरीलाच विचारा. तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. पहिल्यांदा धाडलं तेव्हाही नाही, ठेवून घेतलं तेव्हाही नाही. ती दारात उभी होती, शेडातून आलेली, हातांना पाल्याचा चिकटा.

“मी जात न्हाई,” ती म्हणाली. “बॅच निघू दे न्हाईतर मरू दे. मी जात न्हाई.”

अण्णा म्हणाला, “मंग ठरलं कशासाठी होतं?”

“तुमी ठरवलं होतं. मी ठरवलं नव्हतं.” आणि तिला अळ्यांना पाला टाकायचा होता, नवीन बॅच आली होती, म्हणून ती निघून गेली. बैठकीत चहा आला. मग लोक ऊस आणि निवडणूक ह्यावर बोलायला लागले.

त्या बॅचमधल्या किती वाचल्या असं शहरातून येणारे अजून विचारतात. त्यांना वाटतं कोष म्हणजे वाचणं. कोष झाले की ते गरम हवेत घालतात, आत अळी मरते, मग धागा काढतात. जगू दिली तर ती कोष फोडून बाहेर येते आणि धागा तुटतो. तेव्हा दाराकडच्या औषधानं मेल्या आणि मागच्या बाजारात मेल्या. त्या हंगामातून जित्या राहिलो त्या आम्ही दोघी, माझी लेक आणि मी.